पाणी पडते उदंड, राहते कोठे?

वैशाखातली गोष्ट. शहापूर तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही गेलो होतो. सकाळचे दहा वाजले होते. ऊन तापले होते. पाड्याखालच्या ओढ्याच्या कोरड्या पात्रात एक खड्डा उकरलेला होता. अशा खड्ड्याला डवरा म्हणतात, हे तुम्हांला सांगायला नकोच. डवऱ्याभोवती सात-आठ बाया बसल्या होत्या. तळाशी वाटीभर पाणी साचले की ते वाटीने हंड्यात ओतायचे आणि पुन्हा वाट पाहायची, असे चालले होते.

त्यांतल्या एका म्हाताऱ्या बाईने आम्हांला विचारले, "गुरुजी, तुम्ही शिकल्यालं. येवढं सांगा. आषाढात पावसानं घराभायेर पाय टाकता येत नाय. आन् वैशाखात प्यायला नाय. येवढं पाणी जातं तरी कुठं?"

"म्हंबईला जातं, दुसरं काय!" तिच्या शेजारची म्हणाली. सगळ्या हसल्या. आम्हीही हसलो.

पण ते उत्तर अर्धेच होते. उरलेले अर्धे आम्ही त्या दिवशी कसेबसे दोन वाक्यांत सांगितले. आमचेच समाधान झाले नाही. म्हणून ते येथे सावकाश सांगतो.

आधी जगात पाणी किती आणि कोठे आहे ते पाहू. आमच्या शाळेत पृथ्वीचा गोल होता. तो फिरवला की जिकडे तिकडे निळे दिसे. निळे म्हणजे समुद्र. पृथ्वीच्या पाठीचे दहा भाग केले, तर सात भाग समुद्राखाली आहेत. मुले विचारत, "मग गुरुजी, पाणी कमी कसे?"

असे समजा की जगातले सारे पाणी शंभर हंड्यांत भरले. हंडा आपला नेहमीचा, पंधरा लिटरचा. या शंभर हंड्यांपैकी साडेसत्त्याण्णव हंडे खारट. ते तोंडात धरवणार नाहीत. राहिले अडीच. त्यांतले पावणेदोन हंडे बर्फ होऊन बसले आहेत. पृथ्वीच्या दोन टोकांना, ध्रुवांजवळ, हा बर्फ मैलोन् मैल पसरला आहे. थोडा आपल्या हिमालयावर आहे. म्हणजे गोड्या पाण्याचा उरला पाऊण हंडा. तोही जमिनीच्या पोटात. त्यातले काही इतके खोल आहे की तेथे आपला पोहरा काय, बोअरही पोचत नाही.

मग नद्या आणि तळी? गंगा, गोदावरी, आपल्या काळू आणि भातसा, जगातली सारी गोडी सरोवरे, हे सगळे मिळून चहाचा एक कप भरेल. शंभर हंड्यांतला एक कप! आणि आभाळात वाफेच्या रूपाने जे पाणी तरंगते, ते चहाचे तीन चमचे.

पण हे तीन चमचे रिकामे होतात आणि पुन्हा भरतात. वर्षभर हेच चालू असते. आपला सारा पाऊस त्यातूनच येतो.

तो येतो कसा? वसई-भाईंदरकडची मिठागरे तुमच्यापैकी काहींनी पाहिली असतील. काहींनी तेथे मजुरीही केली असेल. खाडीचे पाणी वाफ्यांत घेतात. ऊन पाणी उडवून नेते. मीठ खाली राहते. समुद्रावरही तेच घडते. ऊन पाणी नेते, मीठ नेत नाही. म्हणून समुद्र खारट असला तरी पाऊस गोडा.

आता पाण्याचा एक स्वभाव पाहा. लोखंडी तवा आणि पाण्याने भरलेले पातेले सकाळी उन्हात ठेवा. दुपारी तव्याला हात लावाल तर चटका बसेल. पातेल्यातले पाणी नुसते कोमट असेल. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते. समुद्र म्हणजे फार मोठे पातेले. मे महिन्यात मुरबाडची जमीन तव्यासारखी तापते, तेव्हा समुद्र त्या मानाने थंड असतो. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते. तिची जागा घ्यायला समुद्रावरची ओली हवा आत येते. सारा हिंदुस्थानच असा तापलेला असतो, म्हणून हे वारे दूरदूरच्या समुद्रावरून येतात. हाच मोसमी वारा. मृग नक्षत्राच्या सुमारास तो आपल्याकडे पोचतो.

हा ओला वारा माळशेज, नाणेघाट, सिद्धगड, गोरखगड यांच्या भिंतीवर आदळतो. त्याला पुढे जायला वाट नाही, म्हणून तो वर चढतो. वर थंडी. थंड हवेत वाफ मावत नाही. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम येतो ना, तसेच हे. वाफेचे थेंब होतात आणि कोसळतात. तेही आमच्या बाजूला! घाट ओलांडून अहिल्यानगरकडे गेलात तर पाऊस चौथ्या हिश्श्यावर येतो.

आपल्या शहापूर-मुरबाडात वर्षाला सुमारे २५०० मिलिमीटर पाऊस पडतो. मिलिमीटर म्हणजे काय, हे समजून घ्या. रेडिओवर आणि वर्तमानपत्रात हा शब्द नेहमी येतो. एक मीटर लांब आणि एक मीटर रुंद जागा घ्या. तिच्यावर एक मिलिमीटर पाणी उभे राहिले, तर ते भरते बरोबर एक लिटर. २५०० मिलिमीटर म्हणजे तेवढ्याच जागेवर २५०० लिटर. पाणी वाहून गेले नाही आणि जिरले नाही असे धरले, तर ज्येष्ठापासून आश्विनापर्यंत अंगणात आठ फुटांहून उंच पाणी उभे राहील. माणूस बुडेल.

आता तुमच्या घराचे छप्पर घ्या. वीस फूट लांब, वीस फूट रुंद. म्हणजे सुमारे ३७ चौरस मीटर. त्याच्यावर वर्षात पडते सुमारे ९० हजार लिटर पाणी. हंड्यांत मोजाल तर सहा हजार हंडे. २०१९ साली सरकारने जलजीवन मिशन ही योजना काढली. तिच्यात माणशी रोज ५५ लिटर पाणी धरले आहे. पाच माणसांच्या घराला त्या हिशेबाने वर्षाला लागते एक लाख लिटर. म्हणजे वर्षभर जे पाणी लागते, ते जवळजवळ सगळे आपल्याच छपरावर पडते आणि पागोळ्यांतून निघून जाते. हा हिशेब आम्ही प्रथम केला तेव्हा चूक झाली असे वाटून पुन्हा केला. उत्तर तेच आले.

निघून जाते, कारण पाण्याचा दुसरा स्वभाव. पाणी उताराकडे धावते. सह्याद्रीचा माथा उंच, आणि खाली समुद्र जवळ. मधला उतार तीव्र. देशावरची भीमा किंवा गोदावरी शेकडो कोस रमतगमत जाते. आपली काळू माळशेजकडून निघते, भातसा कसाऱ्याच्या बाजूने येते. दोघींचे पाणी टिटवाळ्याच्या आसपास एक होते, पुढे उल्हास नदीला मिळते आणि खाडीत जाते. वाट लहान आणि उताराची. आषाढातला पूर माथ्यावरून खाडीला जायला फार दिवस घेत नाही.

त्यात आपला दगड. घरातला पाटा घ्या आणि त्याच्यावर तांब्याभर पाणी ओता. सगळे खाली ओघळेल. आता एका पाटीत मुरूम भरा आणि तेवढेच पाणी ओता. बरेचसे आत मुरेल. आपल्या पायाखाली वर थोडी माती, तिच्याखाली मुरूम आणि त्याखाली पाट्यासारखा काळा कातळ आहे. हा कातळ म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमीन फाटून तापलेला रस बाहेर आला आणि थरावर थर बसले. घाटात डोंगराला ज्या आडव्या पट्ट्या दिसतात, ते हे थर. कातळात पाणी मुरत नाही. राहते ते फक्त त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात. मुरमाचा थर कोठे दोन पुरुष, कोठे चार पुरुष, तर कोठे हातभरच. तेवढीच आपली जमिनीखालची कोठी. ती श्रावणातच काठोकाठ भरते. पुढचा पाऊस नुसता वरून वाहतो. आणि पावसाळा संपला की कोठीतले पाणीही झऱ्यांतून हळूहळू ओढ्याला उतरते. म्हणून माघात विहीर खोल जाते आणि चैत्रात तळ दिसतो. एकाच्या बोअरला पाणी लागते आणि शेजारच्याला लागत नाही, त्याचेही कारण हेच. एकाला भेग सापडली, दुसऱ्याला कातळ.

मेघालयात चेरापुंजी म्हणून गाव आहे. तेथे आपल्या चौपट पाऊस पडतो. पावसाळा सरला की तेथल्या बायाही पाण्यासाठी लांब जातात. तेथेही उतार, आणि मुरवून ठेवील अशी जमीन थोडी.

आता त्या शेजारणीच्या उत्तराकडे येऊ. मुंबई वाढू लागली, तेव्हा १८६० साली विहार आणि १८७९ साली तुळशी हे तलाव झाले. ते पुरेनात. मग इंग्रज सरकारची नजर आमच्या तालुक्यावर गेली. १८९२ साली तानसा धरण झाले. पुढे १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर. १९८० च्या सुमारास भातसेचे पाणी जाऊ लागले. २०१४ साली मध्य वैतरणा धरण झाले. मुंबईला रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी जाते. त्यातले जवळजवळ निम्मे एकट्या भातसेचे. ही चारही धरणे शहापूर तालुक्यात किंवा त्याच्या शिवेवर आहेत.

तानशाचे पाणी मुंबईला कसे जाते, हे पाहण्यासारखे आहे. त्याला पंपाने ढकलावे लागत नाही. तानसा उंचावर, मुंबई खाली. नुसत्या उताराने पाणी नळांतून इतके लांब जाते. शहाण्या इंजिनियरांनी पाण्याचा स्वभाव ओळखून काम केले. पण तोच स्वभाव आपल्या आड येतो. धरण दरीत असते. पाडे वर, टेकडीच्या अंगावर. पाणी डोळ्यांना दिसते, पण ते आपण होऊन वर चढत नाही. त्याला चढवावे लागते. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. एक हंडा म्हणजे पंधरा किलो, पितळेचे वजन वेगळे. चढणीने हंड्यावर हंडा घेऊन येणाऱ्या बाईला हे शास्त्र कोणी शिकवायला नको. यंत्राने चढवायचे तर पंप हवा, वीज हवी, नळ हवा, आणि महिन्याचे बिल कोणीतरी भरायला हवे.

येथे आम्ही आमचे मत सांगून टाकतो. मुंबईत आपलीच पोरे कामाला आहेत. त्यांना पाणी मिळू नये असे कोण म्हणेल? पण ज्यांच्या जमिनी धरणाखाली गेल्या, त्यांच्या पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकर यावा, ही गोष्ट पाण्याच्या स्वभावाने झालेली नाही. माणसांनी नळ कोणाकडे न्यायचा हे ठरवले, त्याने झाली आहे. ग्रामसभेत हे बोलावे आणि लिहून द्यावे. घागर घेऊन जाणाऱ्या बायांनी तर अवश्य बोलावे. आता तुम्हांला अर्ज वाचता येतो. आपल्या गावाच्या योजनेत काय लिहिले आहे आणि पाणी कोठून आणायचे ठरले आहे, ते स्वतः वाचून पाहा. पुष्कळ ठिकाणी नळ बसले, पण ज्या विहिरीवर ते जोडले तीच चैत्रात आटते. मग नळ नुसता सू-सू आवाज करतो.

खाली गेलेले पाणी वर आणणे खर्चाचे आहे. म्हणून ते आपल्या वरच्या अंगाला असतानाच अडवले तर बरे. ही युक्ती नवी नाही. मुरबाडहून माळशेजच्या वाटेवर वैशाखरे गाव लागते. तेथून नाणेघाट चढतात. दोन हजार वर्षांपूर्वी, सातवाहन राजांच्या काळी, कल्याणच्या बंदरातून जुन्नरकडे माल जाई तो या घाटाने. वर लेणे आहे, शिलालेख आहे, आणि वाटेत कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. कातळात पाणी मुरत नाही म्हणून आपण रडतो. त्या लोकांनी म्हटले, मुरत नाही तर गळणारही नाही! त्यांनी कातळच कोरला आणि वाटसरूंची सोय केली. माहुली गडावरही अशी टाकी आहेत.

आपल्या भातखाचरांचे बांध हीसुद्धा तीच विद्या. बांध घातला म्हणजे पाणी थांबते. थांबले म्हणजे मुरते. खाचराच्या खालच्या विहिरीला पाणी जरा जास्त दिवस टिकते, हे जुनी माणसे जाणतात. वरकस जमिनीवर आणि उघड्या माळावर मात्र पाण्याला कोणी थांबवत नाही. तेथे उताराला आडवे चर खणावेत. चरात पाणी थांबते आणि मुरमात उतरते. चराच्या खालच्या कडेला झाडे लावावीत. माळ वनखात्याचा असेल तर आधी त्यांची परवानगी काढावी, नाहीतर चांगले काम करून दंड व्हायचा.

ओढ्यावर करायचे काम याहून सोपे. खताच्या किंवा सिमेंटच्या रिकाम्या गोण्या जमवा. त्यांत वाळू-माती भरून तोंडे शिवा. पावसाचा जोर संपला की, म्हणजे आश्विनात, ओढ्यात धार चालू असतानाच त्या आडव्या रचा. भिंतीतल्या विटांसारख्या रचा, सांध्यावर सांधा येऊ देऊ नका. पाण्याच्या बाजूने चिकणमाती थापा. याला वनराई बंधारा म्हणतात. गाव जमले तर एका दिवसाचे काम. दिवाळीनंतर करू म्हणाल तर धार बारीक झालेली असते आणि अडवायला फारसे उरत नाही. बंधाऱ्यामागे साठलेले पाणी गुरांना, धुण्याला होतेच. शिवाय ते दोन्ही काठांच्या मुरमात शिरते आणि जवळच्या विहिरीत येते. पुढच्या आषाढात पूर गोण्या घेऊन जाईल. पुन्हा रचाव्या लागतील. वैशाखात यानेच डवरा भरेल असे आम्ही म्हणत नाही. पण विहीर माघाऐवजी चैत्रात तळाला गेली, तरी दोन महिन्यांच्या खेपा वाचल्या.

छपरावरच्या सहा हजार हंड्यांचे काय? ते सगळे साठवायला टाके फार मोठे लागेल. ते परवडणार नाही. पण नुसत्या पिण्या-शिजवण्यापुरते पाहा. पाच माणसांना रोज दोन हंडे. फाल्गुनापासून ज्येष्ठापर्यंत चार महिन्यांचे होतात ३६०० लिटर. चार हजार लिटरचे एक टाके त्याला पुरे. पत्र्याला पन्हळ लावावी आणि नळीने पाणी टाक्यात सोडावे. पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी बाहेर जाऊ द्यावे, म्हणजे पत्र्यावरची धूळ आणि पाखरांची घाण धुऊन निघते. टाके नीट झाकलेले आणि आत काळोख असलेले हवे. उजेड मिळाला की शेवाळ धरते. उघडे राहिले की डास होतात आणि ऊन आपला वाटा नेते. उन्हाळ्यात उघड्या तळ्यातून महिन्याला जवळजवळ वीतभर पाणी नुसते वाफ होऊन जाते.

डवऱ्याच्या पाण्याबद्दलही थोडे सांगायला हवे. पाणी अनेक गोष्टी आपल्या पोटात घेते. मीठ, साखर विरघळली की दिसत नाही. रोगाचे जंतू तर इतके बारीक की डोळ्यांना दिसतच नाहीत. म्हणून नितळ पाणी चांगलेच असेल असे नाही. जुलाब, कावीळ, पटकी हे रोग अशा पाण्यातून येतात. डवऱ्याचे पाणी फडक्याने गाळा आणि खळखळून उकळी येऊ द्या. मग माठात भरा. लाकूडफाटा जास्त लागतो हे आम्हांला ठाऊक आहे. सगळ्यांना जमत नसेल तर लहान मुलांपुरते तरी उकळा. गावात आरोग्यसेविका येते. तिच्याकडून जंतू मारणारे औषध घ्या आणि किती थेंब घालायचे ते तिलाच विचारा.

शेवटी एक काम सांगतो. ते फुकट आहे. विहिरीच्या काठावर एक जागा चुन्याने खूण करून ठरवा. दर पौर्णिमेला तेथूनच दोर सोडा, पाण्याला टेकेपर्यंत. दोर हाताने मोजा. किती हात भरला ते वहीत लिहा. महिना लिहा, साल लिहा. पहिल्या वर्षी नुसते आकडे जमतील. दुसऱ्या वर्षी दोन्ही वर्षांचे आकडे शेजारी ठेवून वाचा. कार्तिकातच कळेल की यंदा विहीर गेल्या साली होती तितकी भरलेली नाही, आणि तळ लवकर दिसणार. टँकरचा अर्ज मग वैशाखात धावत जाऊन देण्यापेक्षा पौषातच देता येईल. सोबत वहीचे पान जोडा. त्या पाड्यावरच्या आजीच्या नातीने ही वही सुरू केली आहे. पहिला आकडा आहे वैशाखी पौर्णिमेचा, अठरा हात.